अटी वाचणारे साडू

'मी सर्व अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला मान्य आहेत' या वाक्याखाली साऱ्या दुनियेने आजवर खोटीच खूण केली आहे. त्या खरोखर वाचून खूण करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान बीबी गावात बियाणं-खतांचं दुकान चालवतात. फवारणीच्या औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, मुंगीच्या अक्षरातला कागद ते गिऱ्हाइकासमोर उलगडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि मगच डबा हातात देतात. गिऱ्हाईक म्हणतं, "शेठ, तुरीवर अळी पडून राह्यली, लवकर द्या." साडू चष्म्यावरून पाहून म्हणतात, "अळी थांबते. तुह्या हाताले फोड आले तं ते थांबत नाहीत."

त्यांना हा नाद लागला त्याला कारण घडलं होतं. पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा एका संदेशावर त्यांनी न वाचताच 'होय' दाबलं, आणि त्यांना फोन करणाऱ्याच्या कानात लग्नातला एक धांगडधिंग्याचा बँड वाजू लागला. नेमके त्याच आठवड्यात त्यांचे चुलते वारले. सांत्वनाला म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला आधी वरात ऐकावी लागली. दहाव्याला आलेले एक दूरचे मामा तर सगळ्यांसमोर म्हणाले, "दुःख हाय, पन घरात हौस बी दिसते." त्या दिवसापासून साडूंनी न वाचता कशालाच 'होय' म्हटलेलं नाही.

पुढे दुकानात बिलांसाठी संगणक आला आणि मुलीच्या, वैष्णवीच्या, शिक्षणासाठी घरात लॅपटॉप आला. तेव्हा या वाचनाला रानच मोकळं मिळालं. एखादी वेबसाइट उघडली आणि तिने कुकीज स्वीकारता का असं विचारलं की साडू ठामपणे 'नाकारा' दाबत. "अनोळखी मानसाकडून खायाचं काही घ्याव नाही," हे त्यांचं म्हणणं. कुकी म्हणजे बिस्किट नव्हे, हे वैष्णवीने समजावून सांगितल्यावरही त्यांनी धोरण बदललं नाही. फोनमध्ये टॉर्चचं एक ॲप घेताना त्याने सगळ्या ओळखीच्यांचे नंबर पाहण्याची परवानगी मागितली, तेव्हा मात्र त्यांचा संताप मला पूर्ण पटला. "उजेड पाडाले याले माह्ये सोयरे काऊन पाह्यजे बे?" आपण रोबो नाही हे सिद्ध करायला बसची चित्रं निवडा म्हटलं की यांचा अर्धा तास जाई. एका चौकटीतल्या गाडीवर बोट ठेवून ते विचारात पडत. "ही बस नाही, काळीपिवळी हाय. खोटं कसं सांगू?"

वैष्णवी वडिलांवर गेली नाही. ती भरभर शिकणारी, भरभर बोलणारी पोरगी. तंत्रनिकेतनात शिकत असतानाच तिने गच्चीवर, जिथे नेटवर्क बरं मिळतं तिथे, फुकटचे ऑनलाइन धडे पाहून प्रोग्रॅम लिहायचं शिक्षण घेतलं. बापाच्या दुकानासाठी कोणतं बियाणं संपत आलं ते सांगणारा एक छोटा प्रोग्रॅमही तिने बनवला. तोच तिने एका स्पर्धेला पाठवला आणि पुण्याच्या एका कंपनीने तिला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. राहणं-खाणं त्यांचं, वर विद्यावेतन. फक्त अठरा पूर्ण नसल्यामुळे पालकांची ऑनलाइन संमती हवी होती, आणि ती ठरल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. नाही आली तर जागा पुढच्या मुलीला.

त्या दिवशी दुपारी मला सुलतानपूरच्या शाळेत ताईचा फोन आला. ताई म्हणजे साडूंची बायको. ती घाबरून म्हणाली, "भाऊजी, असान तसे या. हे सही करून नाही राह्यले. म्हनतात, पोरीले जिवे मारतील."

मी शाळेतून रजा टाकून मोटारसायकलवर बीबी गाठलं. घरात सुतक असल्यासारखी शांतता. वैष्णवी लॅपटॉपसमोर, डोळे सुजलेले. तिच्या शेजारी साडू, मांडीवर छापून आणलेली इंग्रजी करारपत्राची पानं, हातात फोन. कॅमेरा कागदावर धरला की मराठी भाषांतर करून देणारं ॲप त्यांनी मिळवलं होतं आणि सकाळी आंघोळ झाल्यापासून ते वाचत होते.

"बसा पाहुणे," ते गंभीरपणे म्हणाले. "पहिल्यांदा तं याच्यात राजकारण हाय. पहिला पक्ष असं करील, दुसरा पक्ष तसं करील. कोनते पक्ष, ते कुठीच सांगतलं नाही. ते जाऊ द्या म्हटलं. पन हे पाहा."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं : उमेदवाराला कोणतीही पूर्वसूचना न देता संपवण्यात येईल.

मला हसू आवरेना, पण ताईचा चेहरा पाहून मी ते गिळलं. संपवणं म्हणजे कामावरून कमी करणं, मी समजावलं. साडूंनी मान हलवली नाही. "तुम्ही इतिहास शिकवता," ते म्हणाले. शेवटी पत्रावर दिलेल्या नंबरला त्यांनी स्वतः फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकरवर ठेवला.

"नमस्कार, बोला," पलीकडे एक तरुण मुलगी होती.

"ताई, मी बीबीहून वैष्णवीचा बाप बोलून राह्यलो. तुम्ही माह्या पोरीले संपवनार हाय काय?"

"काय?" पलीकडून आलं. मग साडूंनी ते वाक्य वाचून दाखवलं आणि ती मुलगी इतकी हसली की वैष्णवीही रडता रडता हसली. पण ती भली होती. हसू थांबवून म्हणाली, "काका, आजवर हे वाचून फोन करणारे तुम्ही पहिलेच. विचारा, सगळं विचारा." मग साडूंनी खरंच सगळं विचारलं. बसस्टँडवर घ्यायला कोण येईल, खोलीला आतून कडी आहे का, भाकरी मिळते की नुसत्या पोळ्या, आणि ताप आला तर कोणाला कळेल. तिने एकेकाचं उत्तर दिलं, स्टँडवर मी स्वतः येते म्हणाली.

फोन ठेवला. पाच वाजायला थोडाच वेळ होता. साडूंचं बोट बटनाजवळ गेलं आणि तिथेच थांबलं. मग वैष्णवी हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाले भेव वाटत असन तं राहू द्या. मी दुसरं काही पाह्यतो."

साडूंनी तिच्याकडे पाहिलं आणि बटन दाबलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, फिरतच राहिला. ताईने पदर तोंडाला लावला. आणि मग हिरवी खूण उमटली : आपली संमती नोंदवली गेली आहे. घरातल्या चौघांनी एकदमच श्वास सोडला. ताई रडतच चुलीकडे पळाली आणि साडूंनी सकाळपासून पहिल्यांदाच भाकरीचा तुकडा मोडला. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं असं त्यांनी सांगितलं. ठेचा ताटात अजून वाढायचा होता.

निघताना ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "पाहुणे, संपवने म्हंजे काय ते मले वैष्णवीनं सकाळीच सांगतलं होतं."

"मग?"

"मंग काय. बटन दाबलं की ती जाते." ते माझ्या गाडीच्या आरशावरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले. "वाचून राह्यलो तवरी बाजूले बसून होती. एकेका शब्दाचा अर्थ सांगत होती. लहानपनी मी तिले सांगो तसा."

वैष्णवी आता पुण्यातच आहे. प्रशिक्षण संपलं आणि त्याच लोकांनी तिला ठेवून घेतलं. परवा मी दुकानात बसलो होतो तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. साडूंनी फोन घेतला, तोंडासमोर धरलाच नाही. बाहेरचा कडुलिंब दाखवला, नवीन आलेली पोती दाखवली, पायरीवर बसलेला कुत्रा दाखवला, मला दाखवलं. पलीकडून ती म्हणत होती, "बाबा, हे सगळं पाह्यलं मी. तुम्ही दिसा नं."

"मी इथंच हाव," ते म्हणाले आणि फोन पुन्हा लिंबाकडे धरून, चष्म्याखाली बोट घालून डोळे पुसत उभे राहिले.