जवळ्याला चटावलेल्या कोंबड्या

कोंबड्यांचे फाजील लाड केले की लग्नात तळायचे फुगे, म्हणजे अंडी घातलेले गोल पाव, अडतात, हे उत्तनच्या कॉनी आंटींचा भाडेकरू रोशन याला एकतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही स्वतःच्याच प्रतापाने.

नवऱ्याच्या, जेरोम अंकलच्या, हर्नियासाठी आंटी सहा दिवस भाईंदरला हॉस्पिटलात होत्या. जाताना परसातल्या नऊ कोंबड्यांचं खाणं त्यांनी रोशनला पढवून ठेवलं होतं: तांदळाची कणी, कोंडा, शेवग्याचा पाला, शिंपल्यांचा चुरा आणि सुका जवळा चिमूटभर. रोशन रत्नागिरीकडचा. त्याच्या गावच्या कोंबड्या उकिरड्यावर आपलं आपण बघायच्या. इथे जवळा दिसला की नऊच्या नऊ त्याच्या पायाशी नाचायच्या. एवढं प्रेम त्याला ऑफिसात कोण दाखवणार? गडी विरघळला. सहा दिवस नुसता जवळा.

आंटींनी आल्या आल्या अंडं फोडलं.

"रोशन, नाक आन इकडं. कोंबडीचा अंडा हाय का बांगड्याचा?"

नादियाचं, म्हणजे त्यांच्या लेकीचं, लग्न पंचवीस दिवसांवर. फुग्यांच्या पिठात घरची साठ अंडी घालीन, असं आंटी व्याह्यांना सांगून बसलेल्या. आता वासाची अंडी घालतात की काय!

आणि कोंबड्या कणीला तोंड लावीनात. मानापानावरून रुसलेल्या सासूसारख्या पाठ फिरवून बसल्या. आंटीही पायरीवर बसल्या. अंकलना मधुमेह म्हणून नाचणीची भाकरी, लेकीला लग्नाचा गाऊन अंगात बसावा म्हणून नुसतं सूप, आणि आता हे नवीन.

"सगल्यांची तोंडं वेगली," गुडघा चोळत त्या म्हणाल्या, "हात मातर दोनच."

त्यानंतर रोशन रोज कामावर जायच्या आधी पाला चिरायचा, शिंपले कुटायचा. आंटी मात्र ताटली स्वतःच्याच हाताने ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी भूक जिंकली, कोंबड्यांनी कणी टिपली. दहाव्या दिवशी आंटींनी अंडं फोडलं, हुंगलं आणि वाटी रोशनपुढे धरली. वास नव्हता. आंटींनी एवढा लांब श्वास सोडला की कोंबड्याही दचकल्या.

रोशनला हुरूप आला. "आंटी, लग्नादिवशी तरी तुम्ही निवांत राहा. त्या दिवशी मी घालतो ना यांना खायला."

"न्हको, मीच घालीन, लग्नातला लुगरा वर खोचून."