बैठ्यांना बेटावर जागा

मामा आठवडाभर दुसऱ्यांच्या तोंडातले दात करायचा. म्हणजे डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, त्यावर कवळी घडवायची, घासायची, पाठवायची. आणि ती परत यायची, कारण कुठल्या आजोबांना टोचते, कुठल्या आजींना सैल होते, डॉक्टरांना रंगच पटत नाही. मग मान खाली घालून परत घासायला बसायचं. नखांत, पापण्यांवर, डब्याच्या झाकणावर, सगळीकडे पांढरी भुकटी. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं त्याच्यावरच भरतं," हा त्याचा ठरलेला विनोद. हल्ली तोसुद्धा अर्धाच सांगून सोडून द्यायचा.

रविवारची दुपार मात्र त्याची होती. जेवणाचं टेबल पुसून झालं की त्यावर त्याचं जग मांडलं जायचं. खेळ असा, की जग मामाने रचायचं, त्यातले प्रसंग त्याने सांगायचे आणि बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन त्यात फिरायचं. काम जमलं की फसलं, ते फासे ठरवायचे. खेळणारे तिघं. मामाची थोरली बहीण, ताई. तिची कॉलेजात जाणारी मुलगी, जिला सगळे ठमी म्हणायचे. आणि खालच्या मजल्यावरचे टेलरमास्तर.

मागचं जग बुडालं ते मामाच्या भिडस्तपणापायी. ज्याने जी जमात मागितली ती याने आत घेतली. मांजरमुखे घेतले, दगडी माणसं घेतली, पाण्याखालचे घेतले, कोण नि कोण. प्रत्येकाचे देव वेगळे, भांडणं वेगळी, नियम वेगळे, आणि हे सगळं डोक्यात ठेवायचं एकट्या मामाने. शेवटी भर दरबारात कोण कोणाचा वैरी हेच त्याला आठवेना, आणि खेळ तिथेच बंद पडला. म्हणून या वेळी छोटंसं बेट. त्यावर जमाती तीनच.

त्यातली एक त्याने आधीच करून ठेवली होती. उरल्यासुरल्या प्लास्टरची बोटभर माणसं, सगळी बसलेली. कुणी गुडघे पोटाशी घेऊन, कुणी पाय पसरून.

"हे बैठे," मामा म्हणाला.

"आणि ते करतात काय?" ताईने विचारलं.

"बसतात."

"अरे ते दिसतंय. बसून काय करतात?"

"काही नाही गं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बस म्हणतात."

"असली जमात आमच्या घरात आहे एक. सोफ्यावर. मी तिच्याशी लग्न केलंय."

मास्तर खोकेपर्यंत हसले. मग म्हणाले, "ते काही असो, मला बुटकेच पाहिजेत हां. दाढी, कुऱ्हाड आणि अंधारात दिसतं त्यांना. दिवसभर सुईत दोरा ओवून माझ्या डोळ्यांची वाट लागलीये, निदान इथे तरी दिसू द्या."

ताईला रानातले लांबकाने हवे होते. "हजार वर्षं जगतात आणि त्यांना स्वयंपाक करताना मी कधी पाहिलं नाही."

"आणि मला पंखवाले," ठमी म्हणाली. "झाले तीन."

पंखवाल्यांचा मामाने धसकाच घेतला होता. आठवडाभर डोकं खाजवून त्याने अभेद्य तटबंदी रचावी आणि ठमीने फासेही न टाकता वरून उडून जावं, असं कितीदा झालेलं.

"एखादी जमात पुढच्या खेपेला घेतली तर?" बैठे धरून चार होत होत्या, म्हणून त्याने विचारून पाहिलं.

ताई म्हणाली, "पण तू तर खेळत नाहीस. तुला कशाला वेगळी जमात?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? मामाने बैठे एकेक करून खोक्यात ठेवायला घेतले. दोन ठेवले आणि त्याचा हात थांबला. त्याला अगदी स्पष्ट कळलं, की यांना आत्ता वगळलं तर हे बेट रचायला आपला हात उठणार नाही. हे नाही आणि पुढचंही नाही.

"राहू दे मग बेट," तो म्हणाला. आवाज चढला नाही, रागही नव्हता.

"राहू दे म्हणजे?"

"दमलोय गं ताई मी. सोमवार ते शनिवार लोकांचे जबडे, रविवारी तुमचे पंख. मला एकदा नुसतं त्या बाजूला बसायचंय. तुमच्यात."

मास्तर फासे हातात घोळवत राहिले.

"तुला खेळायचंय," ठमी म्हणाली. "इतकी वर्षं बोलला का नाहीस? ऊठ तिथून."

"अगं, तुला सगळं माहीत नाही बेटाचं..."

"ऊठ रे मामा."

ती अशीच. विचार मागून, पाय आधी. तिने त्याला खुर्चीतून उठवलं, स्वतः बसली, त्याने काढलेला बेटाचा नकाशा पुढे ओढला. मधोमध डोंगरांची रांग होती. ठमीने तिच्यावरून बोट फिरवलं.

"पंखवाले नकोत," ती म्हणाली.

"का गं?" ताई.

"सगळं उडूनच पार करतील. मग मी सांगू काय, कपाळ?"

मामाला फार बरं वाटलं, पण तेवढ्यात ठमीने पेन्सिल घेतली आणि त्याचं तळं, जे त्याने प्लास्टर वाळेपर्यंत रोज थोडं थोडं काढलं होतं, ते खोडून तिथून रस्ता नेला. त्याच्या जिभेवर शब्द आले. पण आता ते बेट त्याचं नव्हतं. त्याने ते गिळले आणि बहिणीशेजारच्या खुर्चीत टेकला.

"बैठे राहतात या रस्त्याच्या कडेला," ठमी सांगू लागली. "ऊन उतरलंय. पुढचा पूल तुटलाय, पलीकडे धूर दिसतोय. मामा, तू काय करतोस?"

हे तो सगळ्यांना विचारत आला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने खोक्यातून एक बैठा काढून रस्त्याच्या कडेला ठेवला.

"बसतो," तो म्हणाला.

"मामा, पूल तुटलाय."

"असू दे की. आधी बसतो."

ठमीने कपाळावर हात मारला. मास्तरांनी मात्र आपल्या बुटक्याची सोंगटी उचलली, सावकाश रस्त्यावरून आणली आणि बैठ्याच्या अंगाला अंग लावून ठेवली.

"सरका जरा," ते म्हणाले.