मोठ्या दिरांचा कागद

दवाखान्यात तिला सगळे मावशीच म्हणत. फरशी पुसायची, औजारं उकळायची, रांगेत भांडण झालं तर दोन्ही बाजूंना झापायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. नव्या समुपदेशक बाई आल्या आणि त्यात भर पडली. बाईंकडे दहा प्रश्नांचा कागद होता. दारू किती, कधीपासून, ते विचारायचं, दहा मिनिटं समजावायचं आणि पुढच्याला बोलवायचं. पण चुनखडीच्या खाणीवरचे लोक डोंगरापलीकडची बोली बोलत, आणि ती बाईंना ओ की ठो कळत नव्हती. मावशी त्याच लोकांतली. डॉक्टरांनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिला बाईंशेजारी खुर्चीवर बसवलं.

पहिला दिवस फुकट गेला. "आठवड्यातून किती दिवस पिता?" म्हटलं की माणूस शपथेवर सांगे, "पीत नाही." संध्याकाळी तोच भिंत धरून घरी जाताना दिसे.

"बाई, आमच्यात पितो तो फक्त बेवडा," मावशी म्हणाली. "बाकीचे बसतात. तुम्ही बसण्याचं विचारा."

मग प्रश्न बदलले. कोणाबरोबर बसता? उठायला किती वेळ लागतो? न बसता घरी गेलात तर सोबती काय म्हणतात? माणसं घडाघडा बोलू लागली. एक ड्रिलवाला म्हणाला, "मी बसतो कमी, आडवाच जास्त होतो," तेव्हा बाईंनाही हसू आवरेना. दोघातिघांनी खरंच बसणं कमी केलं. बाईंनी मावशीचे शब्द कागदावर छापून घेतले. फरशी पुसता पुसता मावशी त्या गठ्ठ्याकडे बघे आणि मनातून सुखावे.

पुढच्याच महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला तिचे मोठे दीर आले आणि डॉक्टरांनी त्यांनाही बाईंकडे धाडलं.

नवरा खाणीत दगडाखाली गेला तेव्हा मावशीच्या पदरात दोन मुली होत्या. या दिरांनी त्या वाढवल्या, शिकवल्या, उजवल्या. इतक्या वर्षांत "जेवायला वाढू का?" यापलीकडे तिनं त्यांना काही विचारलं नव्हतं.

"विचारा ना, मावशी," बाई म्हणाल्या.

मावशीची जीभ रेटेना. दीर भिंतीकडे बघत होते. हात मांडीखाली दाबले होते, तरी कापायचे थांबत नव्हते. शेवटी तेच म्हणाले, "सांग त्यांना, मी बसत नाही."

"बसत नाहीत, म्हणतात," मावशी म्हणाली.

बाईंनी कागद भरला. दीर गेल्यावर मावशी हळूच म्हणाली, "ते खोटं होतं. पण माझ्यासमोर ते खरं बोलायचे नाहीत. दुसरं कोणी बसवा."

"दुसरं कोण आहे?" बाईंनी विचारलं. दुसरं कोणीच नव्हतं.

त्या रविवारी ती दिरांकडे गेली आणि स्वयंपाकघरात जावेशी बोलू लागली. दीर बाहेरच्या खोलीत होते, म्हणून मुद्दाम आवाज चढवून. दवाखान्यात येणाऱ्या एका माणसाचं लिव्हर कसं गेलं, त्याची बायको कशी रडली. बाहेर चपला वाजल्या, दार लोटल्याचा आवाज आला.

जाऊ चुलीवरचं उतरवत म्हणाली, "अवघड जागेचं दुखणं आणि भावजय दवाखान्यात. कसं बोलतील ते?"

त्यानंतर दीर दवाखान्यात फिरकले नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्याही थांबल्या. मावशीनं निरोप धाडला की येत्या मंगळवारी मी रजेवर आहे, तेव्हा या. ते मंगळवारीही आले नाहीत.

चार महिन्यांनी त्यांना रक्ताची उलटी झाली. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरला त्यांच्या बोलीतले जेमतेम वीस शब्द येत होते. पडद्याआड तो हातवारे करत विचारत होता आणि दीर सगळं सांगत होते. मावशी पडद्याबाहेर जावेची पिशवी धरून उभी होती.

"रोज?"

"रोज."

"कधीपासून?"

"धाकटा भाऊ गेला तेव्हापासून. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती. मीच माझ्या जागी खाणीत पाठवला होता."

डॉक्टरला त्यातलं किती कळलं कोण जाणे. मावशीला सगळं कळलं. तिनं पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला की फार उशीर झालाय.

दीर त्यानंतर एकोणीस दिवस होते. मावशी रोज कामावरून सुटली की जाई आणि चमच्यानं त्यांना दूध पाजी. ते डोळे मिटून घेत. ती तोंड पुसून देई.