मामांचा फाटका खिसा

रेडिओ दुर्बिणीची ती अवाढव्य थाळी फिरवायचं काम ताई कित्येक वर्षं करत होती. नियम साधा होता. थाळीवर जो चढेल, त्याने ती चालवायची किल्ली खिशात घालून न्यायची. मग खाली कोणाला हलवायची म्हटलं तरी थाळी हलत नसे.

त्या दुपारी मिस्त्रीमामा पक्ष्याचं घरटं काढायला वर निघाले आणि किल्ली तिच्या हातावर ठेवून म्हणाले, "खिसा फाटलाय गं. वरून पडली तर पत्र्याला पोचा येईल. तूच सांभाळ."

तासाभराने संशोधक मॅडम धावत आल्या. मरणाऱ्या ताऱ्याने दोन्ही बाजूंना फवारे सोडून घडवलेला, वाळूच्या घड्याळासारखा तेजोमेघ मावळायला आला होता. "अगं, आटप! हातचा जातोय तो!"

ताईने सवयीने किल्ली लावली. थाळी कलू लागली आणि तिला एकदम आठवलं. मामा अजून वरच होते.

तिने लाल बटण दाबलं. लहरींनी निरीक्षण बिघडतं म्हणून आवारात मोबाईलला बंदी, त्यामुळे ती बाहेर धावली. मान उंचावून थाळीची कड न्याहाळू लागली. थाळी कण्हत थांबली. वर काहीच हलेना.

मग कडेवरून एक टक्कल डोकावलं. "काय गं भवाने, या वयात मला पाळण्यात घालतेस होय?"

"मामा, आधी उतरा," ती कशीबशी म्हणाली.

तेजोमेघ मावळला. ताई मामांचा सदरा घेऊन खिसा शिवायला बसली, पण दोरा काही केल्या सुईत जाईना.