बिनसिमेंटचे मामा

देवाने जग घडवताना सिमेंट वापरलं असतं, तर माझ्या बायकोच्या मामांनी देवळात जाणं सोडलं असतं. गोव्यातल्या मये गावचे हे मामा गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, बांधायचे. दगडात दगड असा बसवायचे की मध्ये चुना नाही, माती नाही, आणि वर म्हैस चढली तरी खडा हलायचा नाही. सिमेंटशी त्यांचं भाऊबंदकीचं वैर होतं. पुतण्याने घरापुढे सिमेंटची भिंत घातली, तर मामा सहा महिने मागच्या दाराने ये-जा करत होते. गोवा राज्य झालं त्या सुमारास गावोगाव कोंकणी की मराठी हा वाद पेटला होता. मामा दोन्ही बाजूंना चहा पाजून, गडग्यातल्या दगडावर थाप मारून एकच ऐकवायचे, "फातर फातराक धरता. मदीं सिमिट कित्याक?"

पुढे त्यांचा खुबा झिजला. चार दगड लावले की कळ यायची आणि काम अर्धवट राहायचं. पणजीच्या डॉक्टरांनी कृत्रिम सांधा सुचवला. "तो सिमेंटने पक्का करतात," हे ऐकताच मामा तपासणीच्या टेबलावरून उतरून चपला शोधू लागले. मी मधे पडलो. तेव्हा डॉक्टर म्हणाले, हल्ली विलायतेत एक नवा प्रकार निघालाय. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो, तो हाडात घट्ट ठोकून बसवायचा, मग हाडच वाढून त्याला धरतं. मात्र किती वर्षं टिकेल ते आज सांगता येणार नाही, आणि सुरुवातीला पायावर भार नको.

"चाळीस वर्सां हांव तेंच सांगत आयलां!" मामा म्हणाले.

शस्त्रक्रियेनंतर ते कुबड्या घेऊन गावभर सांगत फिरले, की विलायतेतल्या डॉक्टरांना उशिरा का होईना अक्कल आली. पायावर भार नाही, उकिडवं बसणं नाही, अशी पथ्यंही निमूट पाळली. "नवो गडगो एक पावस बसूंक दिवंचो पडटा," असं म्हणायचे.

वर्षाने एक्स-रे काढला. हाडाने सांधा धरला होता. मामांनी ती फिल्म उजेडात धरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच सिमेंटचा व्यापारी.

"फाल्यां सावन कामाक लागतां," ते डॉक्टरांना म्हणाले.

"उद्यापासून लागा, पण उकिडवं मात्र बसायचं नाही. कायमचं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मामांनी ते पथ्य एका पावसाळ्यापुरतं धरलं होतं. गडग्याचा पाया उकिडवं बसल्याशिवाय घालता येत नाही. त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला. मग खालच्या आवाजात विचारलं, "आनी सिमिट घातिल्लें जाल्यार?"

"सिमेंट घातलं असतं, तरी हेच सांगितलं असतं."

परतताना बसमध्ये मामा खिडकीशी बसले होते, पण एकाही भिंतीला नाव ठेवेनात. मला ते सोसवेना. डिचोलीजवळ मी मुद्दाम म्हटलं, "मामा, ती बघा, सिमेंटची भिंत."

"बरी आसा," मामा म्हणाले.