जाळीचं की गुळगुळीत
खरबुजांचा वास आला की मला बंगलोरचा तो उन्हाळा आठवतो. आईच्या तेराव्याची यादी माझ्याकडे होती. रडू येत नव्हतं. एकेक काम उरकून मी त्यावर काट मारत होते. शेवटी राहिलं पानात ठेवायचं तिच्या आवडीचं फळ. “जाळीचं खरबूज आण, तिला तेच आवडायचं,” वडील म्हणाले. बनशंकरीच्या देवळाबाहेर आईची नेहमीची फळवाली बसायची. मी जाळीचं उचलून देठाशी वास घेतला, तशी ती कानडीत म्हणाली, “ते तुमच्या अप्पांसाठी. अम्मा घरी ते न्यायच्या. स्वतः मात्र इथंच बसून हे पिवळं, गुळगुळीत खायच्या, गुळाच्या खड्याबरोबर. वर म्हणायच्या, अक्का, घरी सांगू नकोस हं!” मी पिवळं घेतलं. पानात ते पाहून वडील म्हणाले, “हे कसलं आणलंस? तिनं तोंडातसुद्धा घातलं नसतं.” “जाळीची संपली होती, अप्पा,” मी म्हणाले. पुढे ते पुष्कळ वर्षं जगले. दर उन्हाळ्यात मी त्यांना जाळीचं खरबूज कापून दिलं, ते आईची आवड सांगत राहिले आणि मी ऐकत राहिले. आता तेही नाहीत. तरी आईला कुठलं आवडायचं असं कुणी विचारलं, की मी जाळीचंच सांगते.