शालिकरामच्या गाडीतली हवा

लकडगंजमध्ये लाकडाच्या वखारींमागे रुपरावनं टिनाची शेड टाकली, तेव्हा छप्पन सालची दिवाळी नुकतीच झाली होती. शेडमध्ये एक लाकडी बाक, त्यावर पान्यांचा संच, एक जॅक आणि दारावर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी. गिऱ्हाईक मात्र नाही. मोटार-अड्डा शंभर पावलांवर होता. ड्रायव्हर लोक रोज पाटी वाचत आणि पुढच्या जुन्या मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात जात.

कारण उघड होतं. रुपराव कोष्टी. पाचपावलीला त्याच्या घरात दोन हातमाग, बाप देवराव लुगडी विणणारा, आजाही तेच करणारा. अड्ड्यावर कोणीतरी म्हणालं होतं की याच्याकडे इंजिन दिलं तर त्याला किनार काढून देईल. ते ऐकून रुपरावही हसला होता. पण संध्याकाळी शेड बंद करताना तो मला म्हणाला, “किनार काढाले तरी आणा म्हणा इंजिन.”

मी त्याला शेडच्या आधीपासून ओळखत होतो. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलसाठी मी ज्या कारखान्यात जात असे, तिथे तो सात वर्षं हाताखाली काम करत होता. आम्ही पुस्तकातून इंजिन शिकत होतो. तो चालू इंजिनाच्या आवाजावरून कुठला प्लग मेलेला आहे ते सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. पुढे माझा डिप्लोमा झाला, नोकरीचा कागद यायचा होता, म्हणून धरमपेठेतून सायकल हाणत मी रोज त्याच्या शेडवर जाऊन बसत असे.

देवरावांची नजर कमी होत चालली होती. मुलगा मोटारींच्या मागे लागल्यापासून दुसरा माग रिकामा पडला होता. ते भांडणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी फक्त मुदत दिली. “होळीपावतर पाहून घे. नाही जमलं तर मागावर ये. मले एकट्यानं होऊन नाही राहिलं.” रुपरावनं मान डोलावली होती. त्याला मागाचा राग नव्हता. पण एकदा इंजिनात हात घातलेल्या माणसाला पुन्हा मागावर बसवणं म्हणजे काय, हे मला त्याच्याकडे बघून कळत होतं.

होळीला तीन आठवडे उरले असताना शालिकराम आला. पारशिवनीकडचा शेतकरी, अंगानं आडवा, बोलण्यात कोणाला हार न जाणारा. लष्कराच्या जुन्या मालातून त्यानं एक पिकअप घेतली होती आणि आसपासच्या गावांची वांगी, मिरच्या तो नागपूरच्या बाजारात आणत असे. त्याचं दुखणं एकच होतं. माघात लोक शेताच्या कुंपणासाठी बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, बैलगाडीवरून वाहतात, आणि त्यांचे काटे सगळ्या रस्ताभर गळतात. एका फेरीत तीन-तीन पंक्चर. ट्यूबला ठिगळ लावणं त्याला येत होतं, पण नंतर हातपंपाचे तीनशे दांडे मारून त्याचा खांदा कामातून गेला होता. शिवाय बाजारात पोचेपर्यंत लिलाव उरकलेला असे.

“गाडी एवढी धडधड करते,” तो म्हणाला, “तर मंग तिनं स्वतःची हवा स्वतः काहून भरू नये गा?”

हाच प्रश्न घेऊन तो तीन कारखाने फिरला होता. तिन्ही ठिकाणी हसून त्याला वाटेला लावलं होतं. रुपराव हसला नाही. त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाला, “जागा हाय.”

पुढचे दहा दिवस फार मजेत गेले. भंगार बाजारातून एका मोठ्या लष्करी ट्रकच्या ब्रेकचा हवेचा काँप्रेसर मिळाला. दोन सिलेंडरचा, गंजलेला, पण आतून शाबूत. त्याच ट्रकची हवेची टाकीही मिळाली. रुपरावनं लोखंडी अँगलचा घोडा करून काँप्रेसर इंजिनाच्या बाजूला बसवला. इंजिनाच्या पुलीपुढे आणखी एक पुली चढवली आणि तिथून काँप्रेसरला पट्टा दिला. टाकी मागच्या फळ्यांखाली टांगली. दाब वाढला की आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह, टाकीतली हवा मागे फिरू न देणारा दुसरा व्हॉल्व्ह, ड्रायव्हरपुढे दाबाचं गेज, आणि मागे वीस फुटी रबरी नळी.

माझं काम हिशेबाचं. इंजिनाच्या निम्म्या वेगानं काँप्रेसर फिरायला हवा, म्हणून चार इंची पुलीवरून आठ इंची पुलीला पट्टा. मी ते कागदावर मांडलं, रुपरावनं पुली खरादावर कातून आणली आणि ती तंतोतंत निघाली. मला इतका आनंद झाला की त्यानंतर मी दुसरं काही पाहिलंच नाही.

पट्टा ताणण्याचं काम रुपरावनं केलं. घोड्याच्या लांबट भोकांत काँप्रेसर मागे सरकवायचा आणि बोल्ट आवळायचे. तो आवळत गेला, मधूनमधून पट्ट्याला टिचकी मारत गेला. टिचकीला टण् असा आवाज आला तेव्हा थांबला. “आता बराबर बोलते,” म्हणाला. शेडमध्ये इंजिन सुरू केलं, गेजचा काटा ऐंशी पौंडांवर गेला, आणि शालिकरामनं नळीनं स्वतःच्या तोंडावर हवा मारून घेतली.

मंगळवारी तो गाडी घेऊन पारशिवनीला गेला. बुधवारी दुपारी परत आला तो हातपंपानं हवा भरत. कन्हानच्या पुढे पट्ट्यातून धूर निघाला होता आणि काँप्रेसर किंचाळायला लागला होता. शेवटी त्यानं सुरीनं पट्टाच कापून टाकला. माल बाजारात पोचला तेव्हा लिलाव संपून झाडलोट चालू होती. अड्ड्यावर ही बातमी त्याच्या आधी पोचली.

शालिकराम रागावला नाही, आणि तेच जड गेलं. शनिवारी पुन्हा फेरी आहे, तोवर होत असेल तर कर, नाहीतर ते लोखंड काढून टाक, उगीच वजन नको, इतकंच तो बोलला.

रुपरावनं काँप्रेसर उघडला. पट्ट्याकडच्या बाजूचा, दांडा ज्यात फिरतो तो पितळी बुश जळून काळा झाला होता. त्यानं तेल पाहिलं, पुली पाहिली. सगळं ठीक होतं. मग तो मला पाचपावलीला घरी घेऊन गेला, कारण शेडमध्ये बसून अड्ड्यावरचं हसणं ऐकू येत होतं. होळीला आठ दिवस होते.

घरात त्याची बायको वच्छला रहाटावर मागासाठी कांड्या भरत बसली होती. चाकावरून सुताची माळ चातीच्या बारीक सळईवर जाते, चाक फिरवलं की चात गरगर फिरते आणि तिच्यावरच्या कांडीवर सूत चढत जातं. रुपरावनं जळका बुश तिच्यापुढे ठेवला आणि झालेलं सगळं सांगितलं. पट्टा कसा ताणला, टिचकीला कसा वाजला, तेही सांगितलं.

तिनं हात थांबवला. “वाजला म्हणजे? ताण्यासारखा?”

“ताण्यासारखाच. ढिला ताणा कोणत्या कोष्ट्याच्या घरी चालते?”

“ताणा जागेवर राहते जी,” वच्छला म्हणाली. “तुमचा पट्टा तर फिरते. मी माळ अशी ताणली तर चात जळून जाईन. इकडं बोट लावून पाहा.”

त्यानं माळेवर बोट ठेवलं. माळ बोटाखाली सहज दबली. जन्मभर तो मागावर ताण्याचे धागे वाजवून पाहत आला होता. रहाट बायकांचा, म्हणून त्याच्या माळेला त्यानं कधी हातच लावला नव्हता.

मला तर तोंड लपवायला जागा नव्हती. पट्टा मधोमध दाबला तर अर्धा इंच खाली गेला पाहिजे, हे वाक्य माझ्या पुस्तकात होतं. मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. मी तसं कबूल केलं. वच्छलानं कांडी काढता काढता विचारलं, “मंग ह्याहिले ह्याहिची परीक्षा होऊन गेल्यावर काहून सांगून राहिले, भाऊजी?” आणि आतल्या खोलीतून देवरावांचं हसणं ऐकू आलं. ते सगळं ऐकत होते.

शुक्रवारपर्यंत नवीन बुश कातून झाला, नवा पट्टा आला. या वेळी रुपरावनं टिचकी मारली नाही. बोट ठेवलं, दाबलं, बोल्ट अर्धा फेरा सोडला, पुन्हा दाबलं.

शनिवारी आम्ही दोघंही शालिकरामबरोबर गेलो. रुपराव दर दोन मैलांवर गाडी थांबवून बुशला हात लावत होता. शेवटी शालिकराम म्हणाला की तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसं काय पाहून राहिला, बस आता. बुश गरम होता, पण हात ठेवता येत होता. परतताना कन्हानच्या अलीकडे काटा लागला. मी मनातून त्याचीच वाट पाहत होतो, हे खरं आहे. ट्यूब काढली, ठिगळ लावलं, चाक चढवलं आणि रुपरावनं नळी जोडली. टायर डोळ्यांदेखत उभा राहिला. शालिकराम हात मागे बांधून ते पाहत होता. चार मिनिटंही लागली नाहीत. पुढे आणखी एक पंक्चर झालं, तेव्हा त्यानं आम्हाला खाली उतरूच दिलं नाही. सगळं एकट्यानं केलं आणि एका बैलगाडीवाल्याला थांबवून दाखवलं.

वांगी लिलावाच्या आधी पोचली. शालिकराम बाजारातून सरळ अड्ड्यावर गेला आणि तिथे दोन गाड्यांच्या टायरात न विचारता हवा भरून आला.

सोमवारी सकाळी मी पोचलो तेव्हा शेडपुढे एक दूधवाल्याची गाडी आणि दोन ट्रक उभे होते. रुपराव तिन्ही बॉनेटं उघडून जागा मोजत होता. शालिकरामची पिकअपही बाजूला होती. नळीला कडी लावायची होती म्हणून तो आला होता. तेवढ्यात पाचपावलीहून चालत देवराव आले. शेड टाकल्यापासून ते प्रथमच येत होते. त्यांनी तिन्ही गाड्या पाहिल्या, मुलाचे काळे हात पाहिले. मग वळून शालिकरामला विचारलं की त्याची गाडी उमरेडकडे कधी जाते.

“तुमच्यासाठी आज जाईन,” शालिकराम म्हणाला. “काय काम काढलं, देवरावजी?”

“भाच्याले विचारून येतो. त्याचा पोरगा अनंत रिकामा बसून राहते म्हणे. मागाले माणूस पायजे मले.”

रुपरावनं पाना खाली ठेवला. बापाकडे बघितलं, मग खाली बसून पिकअपची चारही चाकं एकेक करून दाबून पाहिली. देवराव पुढच्या सीटवर चढून बसले होते आणि दार कसं लागतं ते शोधत होते. शालिकरामनं बाहेरून ते लावून दिलं.